खाडीकांठचें लोकशिक्षण

दाभोळ हें नांव गेल्या तीस-पस्तीस वर्षांत साऱ्या जगाच्या कानीं पडलें, तें येथील प्राचीन बंदरामुळें नव्हे, आणि गुहेंत वसलेल्या चंडिकेच्या जागृत देवस्थानामुळेंही नव्हे. तें पडलें एका वीज कारखान्यामुळें. आणि मौज अशी कीं, तो कारखाना दाभोळांत नाहींच! वाशिष्ठी नदी समुद्रास मिळते त्या मुखाच्या उत्तरेस दाभोळ, तें दापोली तालुक्यांत. कारखाना दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यांत, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूस. फेरीबोटीनें धोपाव्यास जाणाऱ्या नवख्या पाहुण्यास हें प्रथम समजावून सांगावें लागतें. नांव एका तीराचें आणि वस्तु दुसऱ्या तीराची, एवढ्या साध्या गोष्टींतसुद्धां जगाची समजूत अशी सैल राहिली. मग त्या कारखान्याच्या धुराची, ऊन पाण्याची आणि विजेच्या दराची माहिती खाडीकांठच्या घरोघरीं कितपत नेमकी पोंचली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

शास्त्रीय ज्ञान आणि निसर्गाच्या राखणीची वार्ता सामान्य जनांस कशी पोंचवावी, याची चर्चा शहरांतील सभागृहांतून पुष्कळ होत असते. तींत बहुधा असें गृहीत धरलेलें असतें कीं, जाणते एका बाजूस आणि अजाण दुसऱ्या बाजूस. जाणत्यांनीं सोप्या भाषेंत चार गोष्टी सांगितल्या म्हणजे कार्य झालें. आमच्या खाडीचा अनुभव निराळा आहे. येथें सांगणारांची वाण कधींच पडली नाहीं. वाण पडली ती सांगितलेलें पडताळून पाहण्याच्या सोयीची, आणि गांवकऱ्यास उलट कांहीं विचारावयाचें असल्यास तें ऐकून घेणाराची.

सन १९९२ च्या जून महिन्यांत एन्रॉन या अमेरिकन कंपनीनें महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशीं प्राथमिक करारनामा केला, व १९९३ च्या डिसेंबरांत वीजखरेदीचा पक्का करार झाला. मंडळानें वीज उचलो वा न उचलो, कारखाना सज्ज ठेविल्याबद्दलचा ठराविक आकार त्यास द्यावाच लागेल, हें त्या करारांतलें मर्म होतें. परंतु ज्यांच्या करांतून व वीजबिलांतून हा आकार जावयाचा, त्या जनतेस तो करार बराच काळ वाचावयास मिळाला नाहीं. पुढें १९९५ च्या जानेवारींत कंपनीच्या एका उच्च पदाधिकारी बाईंनीं अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेच्या समितीपुढें साक्ष देतांना असें सांगितलें कीं, या योजनेची पूर्वतयारी आणि त्यासंबंधींचें 'शिक्षण' यांवर कंपनीनें सुमारें २ कोटी डॉलर स्वतःच्या पदरचे खर्चिले. हें द्रव्य कोणास काय शिकविण्यांत गेलें, यावर पुढें वर्षानुवर्षें वाद माजला. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें त्या 'शिक्षण' शब्दाकडे. संस्कृत धातुपाठांत शिक्ष् धातूचा अर्थ विद्या ग्रहण करणें असा दिला आहे, विद्या देणें असा नव्हे. क्रिया घेणाराची आहे. घेणारास प्रश्न विचारण्याची मुभा नसेल तर त्या व्यवहारास दुसरें कांहींही नांव द्यावें, शिक्षण म्हणूं नये.

त्याच काळांत पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेंतील अभ्यासकांनीं, मिळतील तेथून आंकडे मिळवून, कराराचें गणित मांडून दाखविलें: युनिटास खरा खर्च किती येईल, डॉलर महागला तर काय होईल, मंडळाच्या तिजोरीवर किती ओझें पडेल. जागतिक बँकेनेंही १९९३ सालींच या योजनेस कर्ज देण्याचें नाकारलें होतें. एवढी महाग वीज एवढ्या प्रमाणांत मंडळास पेलणार नाहीं, असा तिच्या म्हणण्याचा आशय. १९९५ च्या ऑगस्टांत करार रद्द झाला, मग फेरविचार झाला, १९९९ च्या मे महिन्यांत पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली आणि २००१ च्या मे अखेरीस बंदही पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेंतली मूळ कंपनी दिवाळखोरींत गेली. कारखाना २००५ सालीं स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे आला. म्हणजे गणित मांडणारांचें गणित बरोबर होतें. पण ज्या वेळीं तें खाडीकांठच्या ग्रामसभेंत फळ्यावर मांडावयास पाहिजे होतें, त्या वेळीं तेथें फळाही नव्हता आणि गुरुजीही नव्हते. कोळी बांधव विचारीत होते कीं, कारखान्यांतून सुटणारें ऊन पाणी खाडींत आल्यावर मासळीचें काय होईल? प्रश्न उत्तम होता. पाण्याचें तापमान वाढलें कीं त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होतो, हें आठवीच्या मुलासही शिकवितां येतें; मग किती अंश वाढणार, किती अंतरापर्यंत वाढणार, ओहोटीला किती व भरतीला किती, एवढेंच सांगावयाचें उरतें. त्याऐवजीं निदर्शनें, अटका आणि जमावबंदीचे हुकूम असा क्रम झाला. त्याची तपशीलवार हकीकत ह्युमन राइट्स वॉच या संस्थेच्या जानेवारी १९९९ च्या अहवालांत आली. तोही अर्थात् इंग्रजींत.

आतां खाडीनें वर जाऊं. खेड तालुक्यांत लोटे-परशुराम येथें रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे, आणि तिचें सांडपाणी शेवटीं याच दाभोळच्या खाडीस मिळतें. मेलेली मासळी पाण्यावर तरंगतांना खाडीकांठच्या गांवांनीं अनेकदां पाहिली. अशा प्रसंगीं वर्तमानपत्रांत दोन ओळी येतात: नमुने घेतले, अहवालाची प्रतीक्षा आहे. अहवाल आला तरी त्यांत 'बीओडी' अमुक मिलिग्रॅम असें लिहिलेलें असतें, आणि वाचणारा दिङ्मूढ होतो.

वास्तविक ही बीओडी म्हणजे कांहीं गूढ वस्तु नव्हे. घाण पाण्यांत सूक्ष्म जंतु असतात. ते घाण खातात, आणि खातांना पाण्यांतला प्राणवायु वापरतात. घाण जितकी अधिक तितकी त्यांची मेजवानी मोठी, आणि तितका माशांच्या वांट्याचा प्राणवायु कमी. नमुन्याचें पाणी २७ अंश उष्णतेंत तीन दिवस बंद ठेवून, एका लिटरांत जंतूंनीं किती मिलिग्रॅम प्राणवायु संपविला, तें मोजतात. तीच बीओडी. मासळी जगावयास लिटरमागें साधारणतः ४ मिलिग्रॅम तरी विरघळलेला प्राणवायु पाण्यांत असावा लागतो, असें आपल्या देशांतील पाण्याच्या वर्गवारींत धरलें आहे. एवढें सांगितलें म्हणजे लिहितां-वाचतां न येणाऱ्या माणसासही पुढचा प्रश्न सुचतो. सरकारी सर्वसाधारण मानकांप्रमाणें नदी-नाल्यांत सोडावयाच्या पाण्याची बीओडी लिटरास ३० मिलिग्रॅमांहून अधिक असूं नये. समुद्रकिनाऱ्यालगतच्या पाण्यांत सोडावयाचें असेल तर १०० पर्यंत चालते, कारण समुद्र अफाट आहे, तो घाण पातळ करून टाकतो. मग आमची खाडी ही नदी कीं समुद्र? भरतीचें खारें पाणी तींत कोसच्या कोस आंत शिरतें, म्हणून तिला समुद्र म्हणावें. पण ओहोटीनें बाहेर जाऊं लागलेली घाण पुढच्या भरतीनें पुन्हां मागें ढकलली जाते, दिवसांतून दोनदां, म्हणून तिची स्थिति समुद्रासारखी मुळींच नाहीं. ही गोष्ट जाळें टाकणाऱ्या प्रत्येक माणसास उपजत ठाऊक असते. प्रयोगशाळेंतील ज्ञान आणि होडींतील ज्ञान यांची गांठ जेथें पडावयास हवी ती जागा हीच. पण ज्याला मानकाचा आंकडा ठाऊक आहे त्यानें कधीं होडींत पाऊल ठेविलेलें नसतें, आणि जो होडींत आहे त्याला मानक म्हणून कांहीं असतें हेंच कोणीं सांगितलेलें नसतें.

अशी गांठ घालून देण्याचा एक मोठा यत्न आपल्या डोळ्यांदेखत झाला. ४ मार्च २०१० रोजीं केंद्रीय पर्यावरण खात्यानें डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं पश्चिम घाटासंबंधीं एक तज्ज्ञ समिति नेमली. (घाटाचें मूळ नांव सह्याद्रि. तें गाळून 'पश्चिम घाट' म्हणण्याची चाल सरकारी कागदांतून आली व आतां शाळेच्या पुस्तकांतही घट्ट बसली आहे. असो.) पुढें रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा, समुद्रकिनाऱ्यासकट, स्वतंत्र विचार करण्याचें कामही तिजकडे सोंपविण्यांत आलें. समितीनें ३१ ऑगस्ट २०११ रोजीं अहवाल सादर केला. त्यांत लोट्यासंबंधीं जें लिहिलें आहे तें खाडीकांठच्या प्रत्येक घरांत वाचलें जावयास हवें होतें. त्या वसाहतींत सुमारें ११,००० लोकांस काम मिळालें, आणि प्रदूषणामुळें २०,००० मच्छीमारांचा धंदा बुडाला असें मच्छीमारांचें म्हणणें, हे दोन आंकडे तेथें शेजारीं शेजारीं ठेवलेले आहेत. कारखाने कोठें असावेत व कोठें नसावेत हें दाखविणारा रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशासंग्रह सरकारी खर्चानें तयार झाला असूनही तो लोकांपुढें आला नाहीं, हेंही तेथें नमूद आहे. आणि २८ ऑगस्ट २००७ ते २१ ऑक्टोबर २००९ या काळांत जिल्ह्यांत पोलिस कायद्याखालीं जमावबंदीचे हुकूम १९१ दिवस जारी होते, ही नोंद आहे. शास्त्रीय अहवालांत जमावबंदीचे दिवस मोजून लिहिणारी समिति आम्हीं तरी दुसरी पाहिली नाहीं. पण त्यांतलें शास्त्र असें कीं, चार माणसें एकत्र बसूं शकत नसतील तर मासे कां मेले याची शहानिशा व्हावयाची कशी?

अहवालानें सह्याद्रीचे कमी-अधिक नाजूक असे तीन प्रकारचे पट्टे सुचविले, आणि हें अंतिम न समजतां देशी भाषांत भाषांतर करून ग्रामसभांपुढें ठेवावें, त्यांचें मत घ्यावें, असा त्याचा रोख होता. सिंधुदुर्गांतील २५ ग्रामसभांनीं तर आमचीं गांवें संवेदनशील क्षेत्रांत घ्या, असे ठराव आधींच करून पाठविले होते. मग अहवालाचें काय झालें? तो कपाटांत गेला. माहितीच्या अधिकाराखालीं मागणी झाली, ती खात्यानें नाकारली. केंद्रीय माहिती आयोगानें ९ एप्रिल २०१२ रोजीं अहवाल प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला, तेव्हां खातें त्याविरुद्ध दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेलें. १७ मे २०१२ रोजीं न्यायालयानें खात्याचा अर्ज फेटाळला, आणि मग त्याच महिन्यांत अहवाल उजेडांत आला. देवघरांतला शंख कोणी चोरील म्हणून तो कुलपांत ठेवावा, आणि कुलूप उघडण्यास घरच्याच माणसांना कचेरींत जावें लागावें, तशांतला हा प्रकार.

या आठ-नऊ महिन्यांच्या अवधींत रिकामी जागा रिकामी राहिली नाहीं. सत्य वार्ता दाराबाहेर अडली म्हणजे आवई खिडकींतून आंत येते. घर बांधतां येणार नाहीं, आंब्याचें झाड तोडतां येणार नाहीं, गुरें चारतां येणार नाहींत, असें गांवोगांव पसरलें. अहवालाचा मुख्य कटाक्ष खाणी, मोठीं धरणें व घातक प्रदूषण करणारे नवे कारखाने यांवर होता. पण मूळ ग्रंथ इंग्रजींत, जाडजूड, आणि तोही उशिरा हातीं आलेला. पुढें महाराष्ट्र शासनानें जो मराठी सारांश प्रसिद्ध केला त्यांत मूळ आशयाचा विपर्यास झाला आहे, असें खुद्द डॉ. गाडगीळांनीं जाहीरपणें म्हटलें. त्यानंतर डॉ. कस्तुरीरंगन यांच्या समितीचा अहवाल १५ एप्रिल २०१३ रोजीं आला, त्यांत संरक्षित करावयाचें क्षेत्र घाटाच्या सुमारें ३७ टक्क्यांवर आलें, आणि तेव्हांपासून मसुद्यामागून मसुदे निघत राहिले. ३१ जुलै २०२४ रोजीं सहावा मसुदा निघाला. त्यांत एकूण सुमारें ५६,८२५ चौरस किलोमीटर, पैकीं महाराष्ट्रांतील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होतें, आणि हरकतींसाठीं ६० दिवसांची मुदत. भर पावसाळ्यांतले साठ दिवस, लावणी-बेणणीचे! डॉ. गाडगीळांनीं मात्र मराठींत लिहिण्याचा आपला परिपाठ सोडला नाहीं; त्यांचें 'सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी' हें आत्मकथन २०२३ सालीं मराठींत आलें, आणि अहवालाच्या कथेची त्यांची बाजू ज्यास जाणावयाची असेल त्यानें तें अवश्य वाचावें.

भाषेचा हा प्रश्न केवळ आमच्या खाडीपुरता नाहीं. मोठ्या प्रकल्पांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याच्या तपासणीचे नियम बदलण्याचा मसुदा केंद्र सरकारनें २०२० च्या मार्चांत काढला, तो इंग्रजी व हिंदींत. ३० जून २०२० रोजीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील सर्व २२ भाषांत त्याचें भाषांतर दहा दिवसांत करावें. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेलें. तेथें न्यायमूर्तींनीं खेड्यापाड्यांतील लोकांस इंग्रजी-हिंदी कशी कळावी असें विचारलें, आणि राजभाषेचा कायदाच दुरुस्त करण्याचा विचार करावा असें सुचविलें. आमच्या मायबोलीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वांटले गेले, आनंदच झाला. पण दोन हजार वर्षांच्या या भाषेंत 'तुमच्या विहिरीचें पाणी अमुक इतकें बिघडेल' हें वाक्य सरकारी कागदावर मिळणें अजून दुर्मिळ.

येथें एक जुनी गोष्ट आठवते. बाळशास्त्री जांभेकर हे याच कोंकणचे, पोंभुर्ल्याचे. त्यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' सुरू केलें, तेव्हां एका स्तंभांत इंग्रजी व शेजारच्या स्तंभांत मराठी असा मजकूर छापला. राज्यकर्त्यांस एतद्देशीयांचें म्हणणें कळावें आणि एतद्देशीयांस युरोपांतील विद्या कळावी, असा दुहेरी हेतु. खिळे हातानें जुळवून, हातदाबाच्या छापखान्यांत हें साधलें. १८८ वर्षांनंतर एका मसुद्याचा दुसरा स्तंभ छापावयास देशाच्या सरकारास जमलें नाहीं.

आणि दुसरें उदाहरण तर दापोली तालुक्यांतलेंच. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३. मॅट्रिकची परीक्षा दिली, पुढें कॉलेजांत गेले नाहींत, आयुष्यभर शिक्षकी केली आणि पंचेचाळिसाव्या वर्षीं वारले. एवढ्या आयुष्यांत त्यांनीं मुलांसाठीं सृष्टीच्या चमत्कारांवर लिहिलें. 'ज्योतिर्विलास' लिहून रात्रीं अंगणांत बसल्या बसल्या आकाश कसें वाचावें तें घरच्या बायकामाणसांस दाखविलें. आणि १८९६ सालीं 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा प्रचंड ग्रंथ मराठींत सिद्ध केला. तो ग्रंथ परप्रांतीय पंडितांस हवा झाला, म्हणून भारत सरकारनें पुढें त्याचें इंग्रजी भाषांतर १९६९ व १९८१ सालीं दोन भागांत छापविलें. दीक्षितांची हातोटी पाहण्यासारखी आहे. ते वाचकास तारा दाखवितात, वेळ सांगतात, दिशा सांगतात, आणि मग म्हणतात कीं बाहेर जाऊन पाहा. वाचकानें बाहेर जावें, आणि ग्रंथांत लिहिल्याप्रमाणें तारा तेथें नसेल तर ग्रंथकारास जाब विचारावा, एवढा विश्वास त्यांत आहे.

हल्लींच्या पावसाच्या इशाऱ्यांत हा विश्वास दिसत नाहीं. वेधशाळेचें काम गेल्या वीस वर्षांत फार सुधारलें, याबद्दल तिचे उपकार मानले पाहिजेत. पण 'ऑरेंज अलर्ट' म्हणजे काय हें माजघरांतल्या आजीबाईंस कोण सांगणार? पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, तांबडा म्हणजे आतां हालचाल करा. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, २०४.४ पर्यंत अति मुसळधार, त्यावर अत्यंत मुसळधार. कोंकणांत मृगापासून हे रंग इतक्या वेळां फडकतात कीं त्यांचें भय उरत नाहीं. आणि २२ जुलै २०२१ सारखा दिवस उजाडतो, जेव्हां याच वाशिष्ठीनें चिपळूण शहर बुडविलें. रंग पावसाचा असतो. माणसास हवी असते ती पाण्याची उंची: आमच्या आळींत, आमच्या ओट्याच्या कितव्या पायरीपर्यंत, किती वाजतां, आणि त्या वेळीं समुद्राला भरती असेल कीं ओहोटी. जुन्या घरांतून पूर्वीच्या पुराच्या खुणा भिंतीवर कोरून ठेवीत, त्या खुणा आणि वेधशाळेचा आंकडा एकत्र वाचणारा माणूस गांवोगांव पाहिजे.

असा माणूस निर्माण होऊं शकतो, याचें प्रमाण खाडीच्या उत्तरेस मंडणगड तालुक्यांत वेळासला मिळतें. चिपळूणची 'सह्याद्रि निसर्ग मित्र' ही संस्था १९९२ सालची. तिचे कार्यकर्ते २००२ सालीं समुद्रगरुडाच्या शोधांत फिरत असतां त्यांस वेळासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांचीं घरटीं आढळलीं. त्या काळीं अंडीं उकरून खाणें-विकणें ही किनाऱ्यावरची रीतच होती. कार्यकर्त्यांनीं फलक लावून 'कासवें वांचवा' एवढेंच म्हटलें असतें तर फलक पहिल्या वादळांत उडाला असता. त्यांनीं गांवच्याच माणसांस पहाटे पुळणीवर पाठविलें, मागोवा ओळखावयास शिकविलें, अंडीं मोजून कुंपणांतल्या खड्ड्यांत हलवावयास लावलीं. एका घरट्यांत शंभर-सव्वाशें अंडीं. साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांनीं पिलें वर येतात. वाळू अधिक तापली तर मादी पिलें अधिक निपजतात, निवळ असली तर नर अधिक. हें तापमानाचें शास्त्र वेळासच्या घरांतून आज पाहुण्यांस भात वाढतां वाढतां सांगितलें जातें. २००६ पासून तेथें कासव महोत्सव भरूं लागला, पाहुणे घराघरांत उतरूं लागले, चार पैसे मिळाले. पैशामुळें हें टिकलें असें कोणी म्हणतील. कांहीं अंशीं खरेंही असेल. परंतु पैसा येण्यापूर्वीं तीन-चार वर्षें गांवकरी पहाटे उठत होते, तें कशामुळें? अंडीं आपण मोजलीं, दिवस आपण धरले, आणि पिलें बरोबर त्या सुमारास निघालीं, यामुळें.

२०२२ च्या जानेवारींत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशीं बोलणारें यंत्र बसवून तिला सोडलें, तिचें नांव 'प्रथमा'. आंजर्ल्याच्या मादीचें 'सावनी'. पुढच्या वर्षीं गुहागरहून 'बागेश्री' व 'गुहा' गेल्या, आणि बागेश्री श्रीलंकेपर्यंत पोंचल्याची वार्ता आली तेव्हां घरोघरीं माहेरवाशिणीची खुशाली यावी तशी ती बोलली गेली. नांव देणारांनीं मोठें शहाणपण केलें. याहून नवल २०२५ सालीं घडलें. गुहागरच्या पुळणीवर अंडीं घालावयास आलेल्या एका मादीच्या परावर धातूची पट्टी होती, तिच्यावर ०३२३३ हा आंकडा; तो ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ सालीं घातलेला निघाला. पूर्व समुद्रांतलें कासव दक्षिणेस वळसा घालून सुमारें साडेतीन हजार किलोमीटर पोहून पश्चिमेस आलें! दोन समुद्रांचीं कासवें वेगवेगळीं, अशी जी समजूत होती ती या एका आंकड्यानें डळमळली. पुळणीवर पट्टीकडे पाहून आंकडा टिपून घेणारी माणसें नसतीं, तर हें कोणत्याही विद्यापीठास कळलें नसतें.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं एखादा तरी मुलगा वा सून अभियंता, रसायनज्ञ वा संख्याशास्त्रज्ञ आहे. मुंबई-पुण्याहून मे महिन्यांत आंब्यांस घरीं येतातच. २००६ च्या नियमाप्रमाणें मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी व्हावयाची असल्यास निदान ३० दिवस आधीं सूचना द्यावी लागते, ती एका मराठी वर्तमानपत्रांतही येते. प्रकल्पाच्या परिणामांचा सारांश मराठींत द्यावा लागतो, आणि इंग्रजी मूळ मसुदा जिल्हाधिकारी कचेरींत, जिल्हा परिषदेंत व जिल्हा उद्योग केंद्रांत कोणासही पाहावयास ठेवावा लागतो. सारांश दहा-वीस पानांचा, मूळ कित्येक शें पानांचें. सारांशांत काय गाळलें आहे हें मूळाशीं ताडून पाहणें हें सुशिक्षित मुलास दोन दिवसांचें काम आहे. पाण्याचे आंकडे कोणत्या महिन्यांत घेतले, भरतीला कीं ओहोटीला, बीओडीचें मानक ३० चें लावलें कीं १०० चें, एवढ्या तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात. मग संध्याकाळीं ओटीवर आळींतलीं चार आणि कोळीवाड्यांतलीं चार माणसें बोलावून तें मोठ्यानें वाचावें, व त्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत. कोळीवाड्यांतले प्रश्न आधीं. मूळ प्रत कचेरीच्या वेळांतच पाहावयास मिळते आणि ती घरीं नेऊं देत नाहींत, तेव्हां जातांना एक वही, दोन लेखण्या आणि दुपारचा डबा बरोबर असूं द्यावा.